मावशी, भिंतीवरचं यंत्र हातगाडीवर चालेल का?

प्रश्न : मावशी, नमस्कार. आम्ही कॅनडात, मिसिसागात भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहतो. गॅरेजच्या कोपऱ्यात आधीचे भाडेकरू एक खोकं सोडून गेले होते. त्यातून सेंट्रल व्हॅक्यूमचं छोटं युनिट निघालं, म्हणजे एका जागी भिंतीवर टांगून भिंतीतल्या पाइपांतून घरभरचा केर ओढतात ते यंत्र. कोरं आहे, जेमतेम दीड फूट उंच, सोबत तीस फुटी होज. घरमालकाला विचारलं तर म्हणाला, ठेवून घ्या, पण माझ्या भिंतीला एकही भोक पाडायचं नाही. घरात पाइप टाकलेले नाहीत. तर हे युनिट साध्या व्हॅक्यूमसारखं घरभर फिरवता येईल का? गाडी आणि जिन्यावरचा गालिचा एवढं झालं तरी पुरे. सध्या अडचण अशी की प्लग लावला तरी ते सुरूच होत नाही, मागे दोन बारीक वायरी लोंबतायत. नवरा म्हणतो, बिघडलंय, टाकून दे.

उत्तर : नवऱ्याला म्हणावं, जरा थांब. तू मावशी म्हणालीस म्हणून अरे-तुरेच करते.

ते यंत्र बिघडलेलं नसावं. त्याला अजून कुणी हाक मारलेली नाही, एवढंच. सेंट्रल व्हॅक्यूम घरात बसवतात तेव्हा त्याचं बटण यंत्रापाशी असेलच असं नाही. प्रत्येक मजल्यावर भिंतीत झाकणाची खोबण असते, तिच्या आत धातूचे दोन टिकले. तिथून दोन बारीक वायरी भिंतीतून थेट गॅरेजपर्यंत येतात. खोबणीत होज खोचला, किंवा होजच्या मुठीवरचं बटण सरकवलं, की त्या दोन वायरींची गाठ पडते, युनिटमधला रिले, म्हणजे मोटरची वीज जोडणारी कळ, 'टक्' करतो आणि मोटर उठते. तुझ्याकडे भिंतीतलं काहीच नाही, त्यामुळे वायरी आपल्या लोंबतायत.

त्या वायरींत साधारण 24 व्होल्ट असतात, दाराच्या घंटीला असतात तितपत. प्लग काढून ठेव, दोन्ही टोकांना एक साधं छोटं बटण जोड, टेप गुंडाळ, मग प्लग लाव आणि बटण दाब. 'टक्' ऐकू आलं तर नवऱ्याला चहा करायला सांग. मात्र आधी खात्री कर की त्या वायरी जिथून निघतात तिथे 24 व्होल्ट किंवा 'लो व्होल्टेज' असं छापलंय. तसं काही नसेल, किंवा वायरी जाड प्लगच्या केबलकडे जात असतील, तर हात लावू नकोस, इलेक्ट्रिशियनला दाखव. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमागांच्या मोटरी भरून द्यायचे. दुकानात नवा पोरगा आला की पहिल्या दिवशी त्याला एकच सांगायचे : आधी पाटी वाच, मग पान्हा उचल.

तर यंत्रावर चिकटवलेली पाटी वाच. तिच्यावर 120 व्होल्ट आणि 12 च्या आसपास अँपिअर असतील. आपल्या इथल्या साध्या सॉकेटची लाइन 15 अँपिअरची असते. म्हणजे हे यंत्र चालू असताना त्याच लाइनवर हीटर किंवा इस्त्री लावलीस की ब्रेकर पडणार. एक्स्टेन्शन कॉर्ड लागलीच तर 14 गेजची, तीन पिनांची, आणि लागेल तेवढ्याच लांबीची घे. दिव्याची पांढरी बारीक कॉर्ड चालणार नाही. ती हाताला गरम लागायला लागते, आणि गरम लागली म्हणजे उशीर झालेला असतो.

आता मुख्य गोष्ट. फिरवता येईल का? येईल. मी स्वतः फिरवलंय, आणि पहिल्या खेपेला फजितीही करून घेतली आहे.

मी एकोणीस वर्षं एका दुकानाच्या काउंटरवर होते. इथे शिलाई मशीन आणि व्हॅक्यूम दुरुस्त करणारी अशी जोडदुकानं असतात, तसलं. कुणीतरी असंच एक छोटं युनिट बदली देऊन गेलं होतं. आमच्या मिस्टरांनी जाड प्लायची फळी कापली, खाली चार चाकं, मागे उभी फळी, तिच्यावर ब्रॅकेट ठोकून यंत्र लटकवलं. देखणी गाडी झाली. डबा खालच्या फळीवर अगदी टेकून बसवला होता, पक्का रहावा म्हणून. आठवडाभर घर चकाचक. मग डबा भरला. दोन्ही बाजूंच्या क्लिपा उघडल्या आणि लक्षात आलं की डबा खाली उतरायला जागाच नाही! भिंतीवर यंत्राखाली मोकळी हवा असते, म्हणून डबा अलगद हातात येतो. आमच्या गाडीवर तो फळी आणि मोटर यांच्यात चेंगरून बसलेला. सगळे स्क्रू काढून यंत्र उचलावं लागलं, आणि क्लिपा आधीच उघडलेल्या असल्यामुळे आठवड्याचा केर माझ्या पायांवर. तर डब्याखाली निदान चार बोटं जागा सोड. डबा थोडा तिरका करूनच बाहेर येत असेल तर सहा बोटं.

दुसरं म्हणजे ही यंत्रं डोकेजड असतात. मोटर वर, रिकामा डबा खाली. होज ओढला की गाडी हुंदडत मागे येते आणि उंबऱ्याला अडखळली की तोंडावर आपटते. त्यामुळे फळीला चाकं ठोकण्यापेक्षा सामान हलवायची दोनचाकी ट्रॉली बरी. तिच्या दांड्यांना यू-बोल्टने फळी आवळायची, फळीवर ब्रॅकेट. उभी केली की घट्ट उभी राहते, जिना चढवताना मागे कलवून एकेक पायरी ओढता येते. होजचा पहिला हातभर भाग ट्रॉलीच्या खालच्या दांडीला पट्ट्याने बांध, म्हणजे ओढ खालून बसेल, डोक्यावरून बसणार नाही.

तिसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून लोक विसरतात : यंत्र जी हवा ओढतं ती बाहेर कुठे सोडतं? बसवलेल्या घरात ती पाइपने थेट अंगणात जाते. फिल्टरमधून निसटलेली बारीक धूळ तर त्या हवेत असतेच, शिवाय मोटरमध्ये घासत राहणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची झिजलेली काळी पूडही असते. आमच्या एका गिऱ्हाइकाने असं युनिट कपडे धुवायच्या खोलीत बाहेरचा पाइप न जोडताच टांगलं होतं. काही महिन्यांनी पांढऱ्या भिंतीवर काळं सूर्यफूल उमटलं. त्या बाईंनी बुरशी समजून ब्लीचने घासलं, ते आणखी पसरलं. पुन्हा उमटलं तेव्हा दुकानात फोटो घेऊन आल्या. तेव्हा घरात चालवायचंच असेल तर हवा सुटते त्या तोंडाला कार्बनची पूड अडवणारा फिल्टर लाव. आवाज कमी करणाऱ्या मफलरसोबत असे फिल्टर मिळतात. आत कागदी पिशवी बसत असेल तर ती जरूर वापर. घरात कुणाला दमा असेल तर हेपा फिल्टरशिवाय हवा घरात सोडूच नकोस. 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो तो हेपा, बाकी नुसतं 'हेपासारखं' लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नकोस.

आणि आवाज. गॅरेजमध्ये असतो तेव्हा कळत नाही, हॉलमध्ये आणलंस की पिठाच्या गिरणीत उभं राहिल्यासारखं वाटतं. फोन वाजला तरी ऐकू येणार नाही, लेक झोपलेली असेल तर विचारूच नकोस.

म्हणून माझं मत विचारशील तर यंत्र फिरवू नकोस, होज फिरव. ट्रॉली गॅरेजमध्येच उभी कर, हवा दाराबाहेर जाईल अशी. तुझी कार तर तिथेच असते. तीस फुटी होज गॅरेजच्या आतल्या दारातून घेतलास तर तुझ्या टाउनहाउसमध्ये तो जिन्याच्या अर्ध्यापर्यंत सहज जाईल, वरच्या अर्ध्यासाठी तेवढ्यापुरती ट्रॉली आत आण. मध्ये भिंतीतल्या पाइपची वळणं नसल्यामुळे ओढ उलट जास्तच मिळते. हे छोटं यंत्र मोठ्या घराला पुरत नाही असं म्हणतात ना, ते पाइपांच्या लांबीमुळे. थेट होजवर ते भलतं जोरकस असतं. पडदे, पायपुसणी ओढून धरेल, तेव्हा मुठीवरची हवेची खिडकी थोडी उघडी ठेव.

या यंत्राचा जन्मच मुळी असा आहे. लंडनमध्ये 1901 साली ह्युबर्ट सेसिल बूथ याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर रस्त्यात उभं राहायचं आणि लांबलचक होज खिडक्यांतून घरात जायचे. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी, 1902 मध्ये, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतला गालिचा याच यंत्राने साफ केला. हातात धरून फिरवायचा व्हॅक्यूम नंतर आला : ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लरला धुळीने खोकला यायचा, म्हणून त्याने पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून स्वतःपुरतं यंत्र केलं, 1908 मध्ये पेटंट घेतलं. म्हणजे तुला जे करायचंय ते स्पँग्लरचं, आणि तुझ्याकडे यंत्र आहे ते बूथच्या घराण्यातलं.

जिन्याच्या गालिच्याबद्दल एक. साध्या होजने वरची धूळ जाईल, पण मुळात रुतलेले केस निघणार नाहीत. सेंट्रल व्हॅक्यूमला जो विजेवर फिरणारा मोठा ब्रश येतो त्याला होजमधूनच वीज लागते, तुझा होज तसला आहे का ते आधी बघ. नसेल तर हवेच्या ओढीवरच फिरणारा तळहाताएवढा टर्बाइन ब्रश घे. पायरीच्या कडेला तोच सोयीचा.

मोटरला श्वास घेऊ दे. काही मोटरी ओढलेल्या हवेनेच गार होतात, काहींना वेगळा पंखा असतो आणि वर जाळीची भोकं असतात. जाळी असेल तर ती भिंतीला किंवा कपड्याला चिकटवू नकोस. जाळी नसेल तर होज तुंबलेला असताना चालू ठेवू नकोस. मोटरीचा सूर एकदम चढला म्हणजे होज तुंबला, हे कान देऊन ऐकलं की दोन दिवसांत कळायला लागतं. आणि पाणी ओढायचं नाही, बर्फाचा चिखलही नाही. हिवाळ्यात गाडीतले मॅट आधी झटकून वाळव.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीतलं घर विकतोय. चांगलं चालणारं छोटं सेंट्रल व्हॅक्यूम युनिट पुण्याला, बाणेरला आईबाबांकडे सामानातून पाठवलं तर? ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

उत्तर : चालेल, पण पाठवू नका. भारतातली वीज 230 व्होल्ट, हे यंत्र 120 चं. तसंच लावलं तर काही क्षणांत मोटर जळेल आणि वासाने शेजारी गोळा होतील. 12 अँपिअरला पुरेल असा ट्रान्सफॉर्मर यंत्राहून जड असतो. तो उचलून या खोलीतून त्या खोलीत कोण नेणार, बाबा? वर उद्या कार्बन संपले की नेमक्या त्याच मापाचे शोधायला तुम्हीच फोन करत बसाल. बाणेरच्या फ्लॅटमध्ये फरश्या असतील, गालिचे नाहीत, आणि केर काढणाऱ्या बाई येत असतील. तरी यंत्र हवंच असेल तर तिथेच 230 व्होल्टचं, ओलं-सुकं दोन्ही ओढणारं घेऊन द्या. आजीबाईच्या बटव्यातल्यासारखी वस्तू जपायची हौस असेल तर होज आणि ब्रश पाठवा, तोंडाचं माप जुळलं तर कामी येतील.

प्रश्न : मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमानंतर हॉलमधली मोठी रांगोळी तिथल्याच सेंट्रल व्हॅक्यूमने ओढली. आता ओढच राहिली नाही, आणि हॉलवाले आमच्याकडे बोट दाखवतायत.

उत्तर : बोट बरोबर दाखवतायत. रांगोळी म्हणजे दगडाचं पीठ. ती कापडी फिल्टरच्या भोकांत जाऊन बसते आणि वरून फिल्टर नुसता गुलाबी दिसतो. मोटर बहुधा शाबूत असेल. प्लग काढा, डबा उतरवा, फिल्टर बाहेर नेऊन एका मोठ्या पिशवीत तोंड बांधून आतल्या आत झटका. धुण्याजोगा आहे असं त्यावर लिहिलं असेल तरच थंड पाण्याने धुवा आणि पूर्ण एक दिवस वाळू द्या. दमट फिल्टर लावलात तर उरलेल्या रांगोळीचा लेप होईल. कागदी असेल तर नवाच आणा, मंडळाच्या खर्चाने. पुढच्या वर्षी आधी पुठ्ठ्याने रांगोळी गोळा करा, मग कुंचा आणि सुपली, आणि शेवटी उरलेल्या फिक्या डागावर ओलं फडकं. ठिपके जपून मोजणाऱ्या बायकांना सुपली धरायला लाज वाटत नाही, कार्यकर्त्यांनाच वाटते.