विचारा तर खरं : मुंबईतला गाण्यांचा वॉक, पैसे वसूल होतात का?

प्रश्न : माझी आई सत्तरीची आहे, जुन्या गाण्यांची एकदम वेडी. मुंबईत गाईड घेऊन पायी फिरवतात आणि सिनेसंगीताच्या जुन्या जागा दाखवतात असं कळलं. माणशी हजारभर रुपये घेतात म्हणे. तिथे बघायला नक्की काय असतं? आईला नेऊ का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, खरं सांगू का, बघायला जवळजवळ काहीच नसतं. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर आई म्हणायची की एवढ्या लांब आणून मला दुकानांच्या पाट्या दाखवल्यास. गिरगावातल्या ज्या मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ ला 'आलम आरा' लागला, म्हणजे आपल्याकडचा पहिला बोलपट, पोलीस बोलवायची वेळ आली इतकी गर्दी झाली, तो मॅजेस्टिक आता नाही, तिथे शॉपिंग सेंटर आहे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस हे गाण्यांच्या रेकॉर्ड-सीडींचं दुकान २०१६ ला बंद झालं. आणि खुद्द 'आलम आरा'ची प्रिंटसुद्धा कुठे शिल्लक नाही, म्हणजे सात गाण्यांचा सिनेमा आणि ऐकायला एकही नाही! तर तुम्ही पैसे देता ते बघायचे नाहीत, सांगणाऱ्याचे.

पण सांगणारा चांगला असेल ना, तर विचारू नका. ऑपेरा हाऊसकडून नाना चौकात जाताना केनेडी ब्रिज लागतो, खालून वेस्टर्न रेल्वे जाते. या पुलाजवळच 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशीर इराणींचा इंपीरियल स्टुडिओ होता, पुढे त्याचा ज्योती स्टुडिओ झाला. आता पुलावर उभं राहून एक लोकल जाऊ द्यायची. तो खडखडाट कानात असतानाच गाईडने सांगायचं की त्या वेळी चित्र आणि आवाज एकाच वेळी रेकॉर्ड व्हायचे, नंतर डबिंग वगैरे भानगडच नव्हती, त्यामुळे दिवसा शूटिंग शक्यच नाही, मग रात्री एक ते चार, गाड्या थांबल्यावर कॅमेरा सुरू, गाणं असलं की वाजवणारे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे कुठेतरी लपून बसलेले आणि नटाने तिथेच उभं राहून गायचं. हे घरी वाचलं तर ठीक वाटतं, पुलावर उभं राहून ऐकलं की काटा येतो अंगावर. आईला नक्की न्या.

फक्त बुकिंग करताना एक विचारून घ्या, वाटेत गाणी ऐकवता का. छोटा स्पीकर किंवा हेडफोन यातलं काहीही चालेल, पण जो गाईड गाण्यांच्या वॉकमध्ये एकही गाणं वाजवत नाही त्याला आपला लांबूनच नमस्कार.

प्रश्न : आम्ही मागच्या महिन्यात असा वॉक केला आणि सपशेल फसलो. अर्धा वेळ गाडीत, उरलेला वेळ बंगल्यांच्या आणि बिल्डिंगच्या गेटबाहेर. पेडर रोडला प्रभुकुंजसमोर दहा मिनिटं उभं केलं आणि सगळ्यांना सेल्फी काढायला सांगितलं. हा हेरिटेज वॉक म्हणायचा का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : दादा, हा वॉकही नाही आणि हेरिटेजही नाही, ही सेलिब्रिटींची घरं दाखवायची टूर आहे, त्याला फक्त नाव चांगलं दिलंय. प्रभुकुंजबद्दल आदर आहेच हो, पण गेटकडे बघून काय कळणार? लताबाई तिथे राहायला गेल्या तेव्हा त्या लता मंगेशकर झालेल्या होत्या. त्याच्या आधी त्या नाना चौकात राहायच्या आणि ग्रँट रोडवरून लोकल पकडून मालाड-गोरेगावच्या स्टुडिओत जायच्या. याच लोकलच्या प्रवासात संगीतकार अनिल विश्वासांनी त्यांची दिलीपकुमारशी ओळख करून दिली, आणि मुलगी मराठी आहे म्हटल्यावर दिलीपसाहेब बोलून गेले की मराठी लोकांच्या उर्दूला वरणभाताचा वास येतो. लताबाईंना ते लागलं आणि त्यांनी रीतसर उर्दूची शिकवणी लावली. मी गाईड असते ना तर प्रभुकुंजऐवजी सगळ्यांना ग्रँट रोडच्या प्लॅटफॉर्मवर नेलं असतं. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढायचं, बस.

माझी कसोटी सोपी आहे. वॉकमध्ये गायक आणि संगीतकार सोडून वाजवणाऱ्यांची किती नावं घेतात ते बघायचं. एकही नाही घेतलं तर समजायचं की गाईडने आदल्या रात्री मोबाईलवर वाचून घेतलंय.

प्रश्न : या वॉकमध्ये सारखं गोव्याचे वाजवणारे, गोव्याचे वाजवणारे असं ऐकायला मिळालं. धोबीतलावला तासभर काढला. एवढं काय त्यांचं? आणि आमचं मराठी गाणं कुठे गेलं? मी जन्माने गिरगावकर, म्हणून राग आला.
– एक काका, सध्या डोंबिवली

उत्तर : काका, तुमचा अर्धा राग बरोबर आहे. आधी उरलेल्या अर्ध्याकडे येते.

गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात चर्चच्या शाळांमधून पोरांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, वाचायला शिकवायचे, चर्चमधल्या गाण्यासाठी. ही पोरं नोकरीसाठी मुंबईत आली ती धोबीतलावच्या कुडांमध्ये उतरली. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब, भाडं नाममात्र, भिंतीकडेने ज्याची त्याची पत्र्याची पेटी, एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. मेट्रो सिनेमासमोरच्या जेर महाल बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यांवर असे कूड आहेत. खाली १९०४ चं कयानी हे इराणी हॉटेल, आणि वाद्यांचं फुर्टाडोज, ते तर १८६५ चं. म्हणजे झोपायला, चहाला आणि व्हायोलिनची तार तुटली तर ती घ्यायला एकच बिल्डिंग!

आता हे सिनेमात का शिरले ते बघा. आपले संगीतकार चाल बांधायचे एकदम भारी, पण वाद्यवृंद वाढत गेला तसा प्रश्न आला की चाळीस-पन्नास जणांना काय वाजवायचं ते सांगणार कोण आणि लक्षात कसं ठेवणार. तिथे अरेंजर आला, तो प्रत्येक वाद्याचा भाग कागदावर लिहून काढायचा, समोर कागद ठेवला की गोवेकर तो तिथल्या तिथे वाचून वाजवणार. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनच्या ज्या लाटांवर लाटा येतात ना, त्यामागे सेबॅस्टियन डिसोझा. त्यात आणखी १९४९ ला मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला, हॉटेलं आणि क्लबांचा धंदा बसला, बँडवाल्यांना पोटासाठी स्टुडिओचं काम हवंच होतं. एवढं करून तबकडीवर नाव कोणाचं, तर यांच्यापैकी कोणाचंच नाही.

धोबीतलावला तासभर काढला म्हणताय, तर मला सांगा, झेवियर्स कॉलेजसमोर थांबवलं का तुम्हाला? नसेल तर तिथे राग काढा. गोव्यातल्या माजोर्ड्याहून आलेले अँथनी गोन्साल्विस, नौशादपासून सगळ्यांकडे व्हायोलिन वाजवलेले, प्यारेलालचे गुरू. त्यांनी १९५८ मध्ये भारतीय रागांवर सिंफनी लिहून ती याच कॉलेजच्या आतल्या चौकात मोठ्या ऑर्केस्ट्राकडून वाजवून घेतली, गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. पैशाचं सोंग फार काळ आणता येत नाही, ते सगळं थांबलं, पुढे तर त्यांनी सिनेमाच सोडला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन जे नाव सांगतो ते या गुरुजींचं, लक्ष्मीकांत-प्यारेलालनी वाहिलेली गुरुदक्षिणा. अख्ख्या देशाला नाव पाठ आणि माणूस कोण ते माहीत नाही.

आणि 'आमचं मराठी' वेगळं काढायचं म्हटलं तरी निघत नाही हो. सी. रामचंद्र म्हणजे आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, त्यांच्याकडे ट्रंपेटला चिक चॉकलेट, खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, गोव्यातल्या हळदोण्याचा. १९५१ च्या 'अलबेला'त भगवानदादा 'शोला जो भडके'वर नाचतात ते बोंगोवर, आणि याच सिनेमात चिक आणि त्याचा बँड झालरीच्या बाह्यांचे शर्ट घालून पडद्यावरही दिसतो. तसंच शंकर-जयकिशनकडे ढोलकला दत्ताराम वाडकर, त्यांच्या ठेक्याला लोक आजही दत्ताराम ठेकाच म्हणतात.

आता तुमचा बरोबर असलेला अर्धा राग. या वॉकवाल्यांच्या लेखी मुंबईचं गाणं म्हणजे हिंदी सिनेमा आणि जॅझ, संपलं. गिरगावातून चालत जातात आणि केशवजी नाईकांच्या चाळीपुढे थांबत नाहीत. १८९३ पासून तिथे सार्वजनिक गणपती आहे, आणि या गणपतींच्या मांडवांनीच तर गाण्यांचे मेळे आणि भावगीतं घराघरात नेली, तिकीट नाही काही नाही, रस्त्यावर सतरंजी टाकून पब्लिक बसलेलं. भावगीताची सुरुवात ज्यांच्यापासून धरतात ते जी. एन. जोशी पुढे एचएमव्ही या तबकड्यांच्या कंपनीतच मोठ्या हुद्द्यावर होते. केळेवाडीत साहित्य संघ मंदिर, संगीत नाटकांचं घर, पण त्या गल्लीत गाईड वळतच नाही. पिला हाऊसकडे तर कोणी फिरकत नाही, पठ्ठे बापूराव आणि पवळाचे तमाशे त्या भागात गाजले. लालबाग-परळचं तर नावच नको. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं, अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही लावणी गिरण्यांच्या गेटवर लोकांनी डोक्यावर घेतली, हे पॉप्युलर म्युझिक नाही तर काय आहे? पण तिथे बन मस्का मिळत नाही आणि फोटो छान येत नाहीत, मग कोण जाणार. काका, तुम्ही जन्माचे गिरगावकर आहात, गल्लीबोळ पाठ आहेत, तर रविवारी सकाळी सोसायटीतली चार पोरं घ्या आणि तुम्हीच फिरवा की! हे मस्करीत म्हणत नाहीये.

प्रश्न : वॉकमध्ये व्हिडिओ काढलेला चालतो का? मला रील करायचं आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : रस्त्यावर काढ की, कोण अडवतंय. पण दोन ठिकाणी फोन खिशातच राहू दे. एक म्हणजे कुडांमध्ये, ती लोकांची राहायची जागा आहे, आधी विचारल्याशिवाय जिनासुद्धा चढू नकोस. दुसरं म्हणजे केनेडी ब्रिजजवळ काँग्रेस हाऊसच्या आसपास. तिथे गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची जुनी वस्ती आहे, ठुमरी-गझल-मुजऱ्याचा मोठा वारसा तिथे राहिलेला आहे, आणि म्हणूनच बाहेरचे लोक कॅमेरा घेऊन खिडक्यांकडे रोखतात. गाईडच 'काढा काढा' म्हणाला तर त्यालाही सुनाव.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत वाढलेला आहे, बीटल्सचा प्रचंड फॅन. डिसेंबरमध्ये येतोय. त्याला मुंबईच्या अशा वॉकमध्ये काय इंटरेस्ट वाटणार?
– एक मामा, कोल्हापूर

उत्तर : मामा, त्याला फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर घेऊन जा आणि सांग की जानेवारी १९६८ मध्ये तुझा जॉर्ज हॅरिसन इथल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत येऊन रेकॉर्डिंग करून गेला. 'वंडरवॉल' नावाच्या सिनेमाचं संगीत होतं, वाजवायला आपले शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया वगैरे मंडळी, आणि त्याच मुक्कामात बीटल्सच्या 'द इनर लाईट' गाण्याचं संगीतही रेकॉर्ड झालं. मग संध्याकाळी चर्चगेटला. एकेकाळी या रस्त्यावर हॉटेलाहॉटेलात जॅझ बँड होते, अॅस्टोरिया हॉटेलच्या व्हेनिसमध्ये बँडवाला क्रिस पेरी आणि गायिका लॉर्नाचा धुमाकूळ, पलीकडे गेलॉर्डमध्ये जयकिशनचं ठरलेलं टेबल. गेलॉर्ड अजून चालू आहे, कॉफीला पैसे जरा जास्त पडतील, ते भाच्याला भरू द्या. तो डॉलरमध्ये कमावतो.

प्रश्न : जायचं कधी, किती चालावं लागतं, पावसाळ्यात चालेल का? गुडघ्याचा त्रास आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पावसाळ्यात नकोच, धोबीतलाव-गिरगावचे फुटपाथ म्हणजे आधीच आनंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आणि रविवारी सकाळी आठच्या आत सुरू होणारा वॉक बघा, कारण दुकानं उघडली आणि हॉर्न सुरू झाले की गाईड काय बोलतोय ते शेवटच्या माणसाला ऐकू येत नाही. जास्तीत जास्त दहा-बारा जणांचाच ग्रुप घ्या. धोबीतलावपासून ऑपेरा हाऊसपर्यंत जगन्नाथ शंकरशेट रोडने सरळ दोनेक किलोमीटर होतात, थांबत थांबत जातात म्हणून जमतं, आणि मध्येच गुडघा बोलायला लागला तर आता गिरगावात मेट्रो आहे, सोडून द्यायचं आणि खाली उतरायचं. ऑपेरा हाऊसच्या आत जायचं असेल तर मात्र आधी विचारा, बरेच वॉक बाहेरूनच नमस्कार करून पुढे जातात. ते १९९३ पासून बंद होतं, २०१६ ला परत उघडलं, आत कार्यक्रम होतात. तेव्हा सकाळी वॉक आणि संध्याकाळी तिथल्याच एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट असं जमवलंत तर निदान तिथे तरी बसून ऐकता येईल.