टेबल बाई, नदी बाप्या!

मागच्या महिन्यात या सदरात मी सहज लिहून गेले की स्पॅनिशमध्ये लिंगं दोनच असतात, आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्या पत्रांत आनंद, निम्म्यांत संशय. जागा बेताची आहे, म्हणून पाचच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : मी अमळनेरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोबाईलवर रोज अर्धा तास स्पॅनिश शिकतो. शब्दाआधी पुल्लिंगाला 'एल' लागतो, स्त्रीलिंगाला 'ला'. पुस्तक 'एल लिब्रो' म्हणजे पुल्लिंगी आणि टेबल 'ला मेसा' म्हणजे स्त्रीलिंगी. टेबलात बाईसारखं काय आहे? याला काही नियम आहे, की नुसतं घोकायचं?

उत्तर : आधी तू मला सांग, आजीच्या लुगड्यात नपुंसक काय आहे? लुगडं ते, त्याचा पदर तो आणि त्याचीच निरी ती. एकाच कापडात तिन्ही लिंगं गुंडाळून आजी दिवसभर वावरते आणि आपल्याला काही खटकत नाही. दाढी-मिशी अस्सल बाप्यांची, तरी दोन्ही स्त्रीलिंगी. लिंग शब्दाला असतं, वस्तूला नाही. स्पॅनिशमध्येही दाढी 'ला बार्बा', बाईच. मिशी मात्र 'एल बिगोते', पुल्लिंगी. आणि साहेबाच्या गळ्यातला टाय 'ला कोर्बाता', म्हणजे पुन्हा बाई.

नियम आहे, आणि आपल्यापेक्षा कितीतरी सरळ आहे. शब्दाच्या शेवटी 'ओ' असला की बहुधा पुल्लिंग, 'आ' असला की बहुधा स्त्रीलिंग. लिब्रो, सोम्ब्रेरो (टोपी) हे 'एल'. मेसा, कासा (घर), बेन्ताना (खिडकी) या 'ला'. 'सिओन' किंवा 'दाद'ने संपणारे शब्द स्त्रीलिंगी: ला कान्सिओन म्हणजे गाणं, ला सिउदाद म्हणजे शहर. मराठीत अशी सोय कुठे आहे? वाणी तो, राणी ती, पाणी ते. शेवट तोच, लिंगं तीन. परक्या माणसाला हे शिकवून बघ, म्हणजे कळेल आपण लहानपणी केवढा डोंगर चढून आलो ते.

आता अपवाद. हात 'ला मानो', दिवस 'एल दीआ', नकाशा 'एल मापा'. 'ला फोतो' आणि 'ला मोतो' फसवे आहेत. ते लांबलचक स्त्रीलिंगी शब्दांचे तुकडे आहेत, फोतोग्राफीआ आणि मोतोसिक्लेता. आणि प्रोब्लेमा, सिस्तेमा, क्लीमा, इदिओमा ही 'मा'वाली मंडळी 'आ'ने संपूनही पुल्लिंगी. ही ग्रीक घराण्यातली, आणि तिथे ती होती नपुंसकलिंगी. स्पॅनिशची आई लॅटिन. तिला संस्कृतसारखीच तीन लिंगं होती. लेकीने नपुंसकलिंग टाकलं, तेव्हा ते शब्द बहुतेक पुल्लिंगाच्या घरी राहायला गेले. हिंदीत तेच झालं. रावेरच्या पुढे बुऱ्हाणपूर गाठलं की आपलं 'थंड पाणी' पुल्लिंगी 'ठंडा पानी' होतं.

पाण्याची स्पॅनिश गंमत वेगळीच. 'आग्वा' स्त्रीलिंगी आहे, पण 'ला आग्वा' म्हणताना दोन 'आ' एकमेकांवर आपटतात, म्हणून एकवचनात 'एल आग्वा' म्हणतात. विशेषण मात्र स्त्रीलिंगीच राहतं: एल आग्वा फ्रीआ, थंड पाणी. अनेकवचनात पुन्हा स्त्रीलिंगी 'लास आग्वास'.

लिंग चुकलं तर काय होतं, तेही सांगते. मी दक्षिण स्पेनमधल्या सेव्हिल शहरात राहायला गेले त्या पहिल्याच आठवड्यात भाजीवालीला तोऱ्यात विचारलं, "एल पापा काय भाव?" तिने बटाट्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पदर असता तर तो तोंडाला लावला असता अशी हसली. त्या भागात बटाटा म्हणजे 'ला पापा'. 'एल पापा' म्हणजे रोमचे पोप. पोप किलोने मागणारी मी त्या गल्लीतली पहिलीच असणार. पुढे दीड वर्ष ती मला बटाटे देताना "ला, ला" असं बजावून देत असे.

पण हे आपल्याकडेही आहेच की. 'वेळ गेला' आणि 'वेळ झाली' यांत एकाच शब्दाची दोन लिंगं आणि दोन अर्थ आहेत. तसंच 'एल कापिताल' म्हणजे भांडवल आणि 'ला कापिताल' म्हणजे राजधानी.

विशेषणांचं म्हणशील तर तुला फुकट मिळाली आहेत. काळा बोका 'एल गातो नेग्रो', काळं टेबल 'ला मेसा नेग्रा'. आपल्याकडे 'लाल' बदलत नाही, तसा त्यांच्याकडे 'बेर्दे' (हिरवा) लिंगाप्रमाणे बदलत नाही. क्रियापदाला तर लिंगच नाही. 'मी जातो' आणि 'मी जाते', दोन्हीला 'बोय'.

एवढंच कर: वहीत 'मेसा म्हणजे टेबल' असं लिहू नकोस. 'लामेसा' हा एक अख्खा शब्द आहे असं समजून लिही आणि मोठ्याने म्हण. मोबाईल तो, बस ती, तिकीट ते, हे तुला कुणी शिकवलं होतं? कानांनीच ना? आणि मराठीतलं लिंग तिकडे नेऊ नकोस. माझ्या वर्गातल्या निम्म्या चुका तिथेच होतात.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची केळी आहे. मुलगा म्हणतो स्पेनमध्ये पण केळी होते. थंड मुलखात कशी होईल? आणि केळ्याला तिकडे काय म्हणतात?

उत्तर : दादा, मुलगा बरोबर सांगतो. मात्र ती केळी मुख्य स्पेनात नाही, कॅनरी बेटांवर होते. ही बेटं स्पेनची, पण नकाशात आफ्रिकेला चिकटल्यासारखी. सगळ्यात जवळचं बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून शंभरेक किलोमीटरवर. हवा बारा महिने उबदार. जमीन ज्वालामुखीची, तिथल्या तेनेरीफे बेटावरचा तेइदे हा ३,७१५ मीटरचा ज्वालामुखी स्पेनमधला सगळ्यात उंच डोंगर आहे.

आणि वाण कोणता? आपल्या भागात पूर्वी सगळीकडे बसराई होती. ती म्हणजे कॅव्हेंडिश जातीतली बुटकी केळी. कॅनरीतही हीच बुटकी पिढ्यान्‌पिढ्या आहे, तिला ते 'पेकेन्या एनाना' म्हणतात, म्हणजे छोटी बुटकी. आता तुम्ही सगळे ज्याला 'जी-नाईन' म्हणता, ते नाव आकड्याचं नाही. मूळ फ्रेंच 'ग्रांद नेन', मोठी बुटकी. स्पॅनिशमध्ये 'ग्रान एनाना'. खत-बियाण्याच्या दुकानात हे सांगून पाहिलं, कुणी विश्वास ठेवला नाही.

फळ 'एल प्लातानो', पुल्लिंगी. झाड 'ला प्लातानेरा', स्त्रीलिंगी, आपल्या केळीसारखंच. (सफरचंदाचं उलट आहे: फळ 'ला मान्साना', झाड 'एल मान्सानो'.) समुद्र ओलांडला की केळ्याचं नाव बदलतं. व्हेनेझुएलात 'काम्बूर', कोलंबियात 'बानानो', आणि अर्जेंटिनात 'ला बानाना', म्हणजे तेच केळं तिथे बाई होतं! अमेरिका खंडात केळी गेली तीही या बेटांवरूनच. १५१६ मध्ये तोमास दे बेर्लांगा नावाच्या पाद्र्याने ती सांतो दोमिंगोला नेली असं सांगतात. तुमच्या जळगाव केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसं कॅनरीच्या केळ्यालाही युरोपचं आहे.

प्रश्न : माझी मुलगी सप्टेंबरात बार्सिलोनाला शिकायला जातेय. नकाशा पुढ्यात घेऊन बसते तरी उमज पडत नाही. देश कसा आहे? आणि आम्ही माळकरी, ती तिथे खाईल काय? (धुळे)

उत्तर : ताई, नकाशावर आधी डोंगर शोधा. वर पिरिनीज, त्याच्या पलीकडे फ्रान्स. डाव्या हाताला पोर्तुगाल. खाली जिब्राल्टरची सामुद्रधुनी, जेमतेम १४ किलोमीटर, पलीकडे मोरोक्को. मधोमध पठार, आणि पठारावर माद्रिद. देश आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा आणि माणसं मात्र पाच कोटींच्याही आत.

नद्या तर तुम्ही धुळ्याच्या म्हणून लगेच लक्षात राहतील. आपल्याकडे गोदावरी-कृष्णा पूर्वेला जातात आणि तापी-नर्मदा हट्टाने पश्चिमेला. तिथे दुएरो, ताखो, ग्वादिआना या मोठ्या नद्या पश्चिमेला अटलांटिकला मिळतात आणि एकटी एब्रो उलटी, भूमध्य समुद्राकडे निघते. ती ९३० किलोमीटर, आपली तापी ७२४. तुमच्या मुलीच्या बार्सिलोनापासून खाली किनाऱ्याने गेलं की तिचं मुख लागतं. 'तिचं' म्हटलं खरं, पण स्पॅनिशमध्ये नदी 'एल रीओ', पुल्लिंगी, आणि सगळ्या नद्याही पुल्लिंगी. तापीमाईला तिथे 'एल तापी' म्हणावं लागेल. हे मला अजून जड जातं.

एक गोष्ट तिला आधीच सांगून ठेवा. बार्सिलोनात पाट्या बऱ्याचशा कातालान भाषेत असतात. ती स्पॅनिशची बोली नव्हे, बहीण. स्पॅनिश सगळ्यांना येतं, पण दोन शब्द कातालानचे बोलली की माणसं खुलतात.

खाण्याचं. 'कार्ने' (मांस) नको असं सांगूनही माझ्या ताटलीत दोनदा 'खामोन'चे तुकडे आले. खामोन म्हणजे मुरवलेली डुकराची तंगडी, आणि पुष्कळांच्या लेखी ती 'मांसा'त मोडतच नाही. तिने दोन्हींची नावं घेऊन नाही म्हणावं: सिन कार्ने, सिन खामोन. बाकी 'एस्कालिवादा' मागवायला सांगा. वांगी आणि ढोबळी मिरची निखाऱ्यावर भाजायची, सालं काढायची, लांब चिरायची, वरून ऑलिव्हचं तेल. पहिल्यांदा वास आला तेव्हा मला कपाशीच्या काड्यांवर भाजलेली बामणोदची वांगी आठवली आणि डोळ्यांत पाणी आलं. घास घेतला आणि ते आटलं. ना हिरवी मिरची, ना लसूण ठेचलेला, वर थंडगार! बडगीत (भरीत ठेचायच्या लाकडी भांड्यात) घालून चार ठोके द्यावेसे वाटले. वांग्याला ते 'ला बेरेन्खेना' म्हणतात. संस्कृत वातिंगण फारसीत गेलं, तिथून अरबीत, आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये पोचलं. कापूस 'एल आल्गोदोन' आणि साखर 'एल आसूकार' हेही अरबीच्याच बैलगाडीतून उतरलेले. साखरेचं मूळ आपली शर्करा.

प्रश्न : रेल्वेतून निवृत्त, वय ६३, मुक्काम भुसावळ. या वयात जमेल का? आणि ते लोक दुपारी खरंच झोपतात का?

उत्तर : काका, जमेल. परीक्षाच द्यायची तर 'देले' नावाची आहे, तिला वयाची वरची अट नाही. दिल्लीत स्पॅनिश शिकवणाऱ्या सेर्वान्तेस या स्पेनच्या सरकारी संस्थेचं केंद्र आहे. 'सिएस्ता' हा शब्द लॅटिनमधल्या 'सहावा तास' यावरून आला, म्हणजे सूर्योदयापासून सहावा, टळटळीत दुपार. शहरातले नोकरदार आता कुठले झोपायला? पण सेव्हिलला उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि लहान दुकानांची शटरं दोन ते पाच खाली असतात. भुसावळकराला यात नवल वाटू नये. नवल वाटेल ते रात्रीचं. मी पहिल्या दिवशी सात वाजता भुकेने व्याकूळ होऊन खानावळीत गेले, तर आचारीच आला नव्हता. जेवण नऊ-दहाला. एक कारण घड्याळाचं आहे: देश लंडनच्या रेषेत, पण १९४० पासून घड्याळ बर्लिनचं, तासभर पुढे. जूनमध्ये वायव्य टोकाला सूर्य रात्री दहानंतर मावळतो.

प्रश्न : मी शिरपूरजवळच्या खेड्यातली. घरात अहिराणी बोलतो. क्लासमध्ये सगळे माझ्या बोलण्याला हसतात, मग स्पॅनिश उच्चार कसे जमतील?

उत्तर : पोरी, हसणाऱ्यांना हसू दे. त्यांची जीभ इंग्रजीने कडक झालेली असते, ते 'टोमॅटो' म्हणतात. स्पॅनिशमध्ये 'तोमाते', आपला दंत्य 'त'. आणि तुझ्याकडे तर आणखी एक ऐवज आहे. स्पॅनिशमध्ये 'एल' (L) हे अक्षर दोनदा शेजारी आलं की बहुतेक ठिकाणी उच्चार 'य' होतो. खुर्ची लिहितात 'सिल्ला'सारखी, म्हणतात 'सिया'. तो प्रसिद्ध भात 'पाएल्ला' नव्हे, 'पाएया'. पुण्या-मुंबईची मुलं महिनाभर इथे अडखळतात. तू डोळ्याला डोया म्हणतेस ना?

माझी आई लेवा बोली बोलते. मी एकदा तिला म्हटलं, आई, 'काळे' म्हण. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "काये." स्पॅनिशमध्ये 'ला काये' म्हणजे रस्ता.