आदेशात ‘प्रवेश करू नये’ एवढंच आहे, म्हणून तो फाटकाबाहेर उभा राहतो

प्रश्न : नवऱ्याविरुद्ध मला सात महिन्यांपूर्वी अंतरिम संरक्षण आदेश मिळाला. मी आईकडे राहते, घटस्फोटाचा दावा चालू आहे. तरीही तो संध्याकाळी माझ्या ऑफिसच्या फाटकासमोर उभा राहतो, मित्राच्या फोनवरून मेसेज करतो, माझ्या भावाला धमकावतो. वैतागून मी मेसेज पुसून टाकले, काहींचे स्क्रीनशॉट आहेत. पोलीस एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतात आणि ‘कोर्टात जा’ म्हणतात. मग या आदेशाचा उपयोग काय?

उत्तर : अशा पत्रांमध्ये बहुतेक वेळा पोलिसांबद्दल तक्रार असते आणि ती खरीही असते. पण तुमच्या प्रकरणात आधी आदेशाकडे बघायला हवं. तुम्ही पाठवलेल्या प्रतीत कामाची ओळ एकच आहे : ‘सामनेवाल्याने अर्जदारावर कौटुंबिक हिंसाचार करू नये व तिच्या नोकरीच्या ठिकाणी प्रवेश करू नये.’ तो प्रवेश करतच नाही, रस्त्यावर उभा राहतो. त्याला हे कोणीतरी नीट समजावून सांगितलेलं दिसतं. तुम्हाला मात्र सात महिन्यांत कोणी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 च्या कलम 18 मध्ये (क) ते (छ) असे सात खंड आहेत. तुमच्या अर्जात त्यांतले दोनच मागितले आणि न्यायालयाने तेवढेच दिले. नोकरीच्या ठिकाणाबद्दलच्या खंडात कायद्याचाच शब्द ‘प्रवेश’ असा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा उतरवला की फाटकाबाहेरची जागा मोकळी सुटते. रोज येऊन उभं राहणं हा मानसिक छळ आहे, म्हणून तो हिंसाचारच, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करेनही. पण संध्याकाळी सात वाजता ठाणे अंमलदार हा युक्तिवाद ऐकत बसणार नाही. त्याला आदेशात सरळ दिसेल अशी मनाई लागते.

म्हणून याच कायद्याच्या कलम 25, पोटकलम (2) खाली आदेशात बदल करून मागा. त्याची अट ‘परिस्थितीतील बदल’ ही आहे. आदेशानंतर काय घडलं ते तारीख, वेळ, जागा आणि साक्षीदार यांसह प्रतिज्ञापत्रावर लिहा. ‘वारंवार त्रास देतो’ असं लिहिलेला अर्ज लांबणीवर पडतो. बारा तारखा आणि त्यांतल्या तीन वेळी हजर असलेल्या सहकाऱ्याचं नाव असेल, तर त्याच दिवशी युक्तिवाद ऐकला जाण्याची शक्यता वाढते. विनंतीचा परिच्छेद असा असू द्या : ‘सामनेवाल्याने अर्जदाराचे घर, कार्यालय व जाण्यायेण्याचा मार्ग येथे 100 मीटरच्या आत येऊ नये, थांबू नये वा पाठलाग करू नये, स्वतः किंवा इतर कोणामार्फत, कोणत्याही फोनवरून अथवा समाजमाध्यमावरून संपर्क साधू नये, अर्जदाराच्या भावास व तिला मदत करणाऱ्या कोणासही धमकावू नये.’ 100 मीटर हा आकडा कायद्यात कुठेही नाही. कलम 18 च्या शेवटच्या खंडाने न्यायदंडाधिकाऱ्यांना ‘आदेशात नमूद केलेले इतर कोणतेही कृत्य’ रोखता येतं, त्या आधारावर तो मागायचा. संपर्काचा आणि नातेवाइकांचा, असे दोन्ही खंड कायद्यात तयारच आहेत. ते पहिल्याच अर्जात न मागणं हा हलगर्जीपणा झाला, आणि त्याची किंमत तुम्ही रोज संध्याकाळी मोजताय.

त्याच अर्जात कलम 19, पोटकलम (7) खाली संबंधित पोलीस ठाण्याला अंमलबजावणीत साहाय्य करण्याचा निर्देश मागा. ठाण्याचं नाव आदेशात आलं की ‘कोर्टात जा’ हे उत्तर देणं अवघड होतं.

आता बजावणी, म्हणजे आदेशाची प्रत त्याच्या हाती रीतसर पोहोचवणं. जुना आदेश त्याच्यावर बजावला गेला का, हे तुमच्या पत्रात नाही. प्रकरणाचा रोजनामा (प्रत्येक तारखेच्या कामकाजाची नोंद) आणि बजावणी अहवाल पाहा. आदेशानंतर त्याने वकीलपत्र दाखल केलं असेल तर त्याला आदेश माहीत होता असं दाखवता येईल. तसं नसेल तर ‘मला आदेश माहीतच नव्हता’ हा बचाव त्याला आयता मिळतो. नवा आदेश झाला की त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. कलम 24 प्रमाणे ही प्रत पक्षकारांना आणि पोलीस ठाण्याला विनाशुल्क द्यायची असते. तरीही ठाण्यात स्वतः एक प्रत द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. न्यायालयाच्या कार्यालयातून प्रत आपोआप पोहोचेल या भरवशावर राहू नका.

यानंतर त्याने आदेश मोडला तर तो कलम 31 खालचा गुन्हा : एक वर्षापर्यंत कैद, किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 32 प्रमाणे हा गुन्हा दखलपात्र (पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो असा) आणि अजामीनपात्र आहे, आणि एकट्या तुमच्या साक्षीवरही तो सिद्ध धरता येतो. एनसी अदखलपात्र गोष्टींची असते. तेव्हा लेखी, सहीची तक्रार आदेशाच्या प्रतीसह द्या, त्यात ‘कलम 31’ हे शब्द लिहा आणि पोच घ्या. ठाण्यात घेतली नाही तर संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा थेट त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांकडे द्या; याच कायद्याखालच्या 2006 च्या नियमांतला नियम 15 हे मार्ग देतो. मुदतही लक्षात ठेवा. एक वर्षापर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मुळे साधारणपणे एका वर्षातच घेता येते आणि प्रत्येक भंगाची मुदत त्या त्या दिवसापासून मोजली जाते. तुमच्या हातून अजून काही गेलेलं नाही, पण पहिल्या घटनांसाठी फार महिने उरलेले नाहीत.

पुसलेल्या मेसेजचं काय? ते परत मिळतील की नाही, हे फोन आणि बॅकअपवर अवलंबून आहे, त्याबद्दल मी शब्द देत नाही. इथून पुढे काहीही पुसू नका आणि फोन बदलू नका. मेसेज पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा एक भाग पक्षकाराने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील पहिली हरकत हीच घेईल. ऑफिसच्या फाटकावर कॅमेरा असेल तर चित्रण जपून ठेवण्याचं लेखी पत्र उद्याच द्या, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

पाठलागाचा वेगळा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 78, लावता येईल का? येऊ शकेल, पण पहिल्या वेळी तो जामीनपात्र आहे आणि नवराबायकोचा वाद म्हणून तो सौम्य करून पाहिला जाण्याचा धोका असतो. नोंदवायचाच असेल तर कलम 31 सोबत नोंदवा, त्याऐवजी नको. मुलांच्या भेटीचा काही आदेश असेल तर वकिलांना आधी सांगा. तो असताना सरसकट 100 मीटरची मनाई मागितली तर दोन आदेश एकमेकांना छेद देतील.

कायदा म्हणतो की मूळ अर्ज पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. तुमच्याकडे सात महिने गेले आणि अजून साक्ष सुरू नाही. पुढची तारीख दीड महिन्यानंतरची आहे म्हणता, तोपर्यंत थांबू नका. बदलाच्या अर्जासोबत तारीख अलीकडे घेण्याचा वेगळा अर्ज द्या आणि त्यात शेवटच्या तीन घटनांच्या तारखा पहिल्याच परिच्छेदात लिहा.