जुन्या मारुती ८००चे ब्रेक: आधी गळती शोध

ब्रेक नीट लागत नाहीत म्हणून मोठ्या डिस्क बसवू का, असं विचारलंस; तो विचार तूर्त बाजूला ठेव. या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम; मूळचे ब्रेक धड असतील तर एवढ्या हलक्या गाडीला पुरतात.

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली जातंय म्हणालास ना? मग पुढच्या चाकांना दगड लाव, हँडब्रेक सोड, स्टँडवर घेऊन मागचे ड्रम उतरव. आत व्हील सिलिंडर दिसेल, म्हणजे ब्रेक ऑइलच्या दाबाने ब्रेक लावणारा छोटा सिलिंडर; त्याचा रबरी बूट (टोपण) बोटाने जरासा उचल. आतून ऑइल ओघळलं की सिलिंडर गेला. माझ्या गाडीत ते थेट लायनरवर (शूवरच्या घासणाऱ्या अस्तरावर) उतरलं होतं, शू म्हणजे ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्या चकचकीत काळ्या पडलेल्या. असे शू पेट्रोलने पुसून परत बसवू नकोस रे बाबा, दोन्ही बाजूंचे नवीनच टाक. बाहेर कुठेच ओल नसेल तर संशय मास्टर सिलिंडरवर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मुख्य सिलिंडरवर.

ब्रेक ऑइल मात्र दर २ वर्षांनी बदलच. ते हवेतला ओलावा ओढतं. घाट उतरताना तापलं की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ जातं. ब्रेकच्या नळ्यांतली एअर काढताना निपल (हवा बाहेर सोडायचा स्क्रू) बंद केल्यावरच पेडल सोडायचं, नाहीतर हवा परत आत शिरते.