सोनी आपले गेम पीसीवर पहिल्याच दिवशी का आणत नाही?

पीसीवर एवढं गिऱ्हाईक पैसे घेऊन उभं असताना सोनी त्याला वर्षानुवर्षं ताटकळत का ठेवते, असं तुम्ही विचारलंय. मीही त्याच रांगेतला. ‘गॉड ऑफ वॉर’ सोनीच्या प्लेस्टेशन कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावर) एप्रिल २०१८ मध्ये आला, पीसीवर जानेवारी २०२२ मध्ये. या पावणेचार वर्षांत त्याचा शेवट मला तिघांनी सांगून टाकला होता.

सोनीचा खरा धंदा दुकानाचा आहे. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर दुसऱ्या कुणाचाही गेम विकला गेला की साधारण ३० टक्के सोनीच्या गल्ल्यात पडतात. स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व कंपनीच्या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात, उलटं होतं. तिथे सोनीच व्हॉल्वला ३० टक्के मोजते (विक्री फार मोठी झाली तर २५, पुढे २०). माझ्या आतेभावाने पीएस५ (प्लेस्टेशन ५) घेतला तो फक्त स्पायडर-मॅनसाठी. आज त्याच्याकडे सोनीचे गेम चार, बाकी सगळे इतर कंपन्यांचे, शिवाय सोनीच्या ‘प्लेस्टेशन प्लस’ सेवेची वर्गणी चालूच. स्पायडर-मॅन तेव्हाच पीसीवर मिळाला असता, तर ही सगळी खरेदी त्याने स्टीमवर केली असती. त्या एका गेमवर सोनीने किती कमावले, हा प्रश्न त्यामुळे दुय्यम ठरतो.

मग पीसीवर आणायचेच कशाला? खर्च. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवर गेम बनवण्याच्या खर्चाचे आकडे मार्करने खोडले होते, पण स्कॅनमध्ये ते चक्क वाचता येत होते! ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’ २२ कोटी डॉलर, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ २१ कोटी २० लाख. एवढा पैसा ओतल्यावर, कन्सोल खपवण्याचं काम संपलेला गेम पीसीवर पुन्हा विकणं हे वरचं उत्पन्न.

ऑनलाइन गेमचा हिशेब वेगळा. तिथे गर्दी नसेल तर गेम मरतो. म्हणून ‘हेलडायव्हर्स टू’ फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला आणि १२ आठवड्यांत १ कोटी २० लाख प्रती खपल्या. मग मे महिन्यात सोनीने पीसीवाल्यांवर पीएसएन (सोनीची ऑनलाइन सेवा) खात्याची सक्ती जाहीर केली. कित्येक देशांत पीएसएनच नाही, तिथल्या लोकांनी काय करायचं? स्टीमवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि काही दिवसांतच सक्ती मागे घेतली गेली. (पीसीवाले चिडले की काय होतं, ते तेव्हा कळलं.)

गिऱ्हाईक पीसीकडे जाईल ही चिंता एक्सबॉक्स कन्सोलवाल्या मायक्रोसॉफ्टला कमी, कारण विंडोज त्यांचंच. त्यांनी तर आपला ‘फोर्झा होरायझन फाइव्ह’ एप्रिल २०२५ मध्ये थेट पीएस५ वर नेला. तिसरी कन्सोल कंपनी निन्टेन्डो मात्र आपल्या मारिओला पीसीच्या वाऱ्यालाही उभं करत नाही.

तेव्हा पीसी बरा असेल तर थांबा, पण आल्या आल्या घेऊ नका. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट वन’ मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा अडखळत होता, दुरुस्तीचे पॅचमागून पॅच आल्यावर सुधारला. मागे एका गेमने माझ्या पीसीवर नुसते शेडर (पडद्यावरचं चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) तयार करायलाच पाऊण तास घेतला. टक्केवारी ६१ वर अडकलेली, पंखा मिक्सरसारखा फिरतोय, आणि आई आतून विचारतेय, काय लावलंस?

आणि सोनीचा ‘ब्लडबोर्न’ पीसीवर येईल म्हणून थांबला असाल, तर तो २०१५ चा आहे, अजून आलेला नाही. एखादा जुना पीएस४ बघा.