पॅरिटीवर लाल फुली आली, आता काय?

घरी अनरेडवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीवर, सर्व्हर चालवणाऱ्यांच्या पत्रांत हल्ली एकच तक्रार वारंवार येते. पॅरिटी डिस्कसमोर (बाकीच्या डिस्कचा हिशेब ठेवणाऱ्या आणि त्यांतली एक गेली तर ती भरून काढायला लागणाऱ्या डिस्कसमोर) लाल फुली दिसते, ‘डिस्क डिसेबल्ड’ असा इशारा येतो आणि मग घरातला संगणकवाला भाचा, व्हॉट्सॲप ग्रुप आणि लॅमिंग्टन रोडचा दुकानदार असे तिघे तीन सल्ले देतात. त्यातल्या एखाद्या सल्ल्याने चांगला डेटाही हातचा जाऊ शकतो. म्हणून या वेळी सगळे प्रश्न याच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : पॅरिटी डिस्कवर लाल फुली आली. दुकानदार म्हणतो डिस्क गेली, नवीन घ्या. खरंच गेली का? (घाटकोपर)

उत्तर : दुकानदाराने डिस्क पाहिली का? नसेल, तर त्याला हे सांगता येणार नाही.

लाल फुलीचा अर्थ एवढाच, की अनरेडने त्या डिस्कवर काही लिहायला घेतलं आणि ते लिहिणं फसलं. एकदा लिहिणं फसलं की डिस्कवरचा हिशेब बाकीच्या डिस्कशी जुळत नाही, म्हणून अनरेड तिला वापरातून काढून टाकतं. लिहिणं का फसलं, हे अनरेडला कळत नाही. डिस्क जोडणारी साटा केबल सैल असेल, पॉवरचा पिन काळवंडला असेल, डिस्क ज्याला जोडतात ते कंट्रोलर कार्ड तापलं असेल किंवा डिस्क खरोखर खराब झाली असेल. चारही वेळा फुली तीच.

सर्वांत आधी एक काम करा आणि रिबूट करायच्या आत करा. ‘टूल्स’मध्ये जाऊन ‘डायग्नॉस्टिक्स’ची झिप फाइल उतरवून घ्या. अनरेडचा लॉग रॅममध्ये असतो, मशीन बंद केलं की तो पुसला जातो आणि त्याबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांनी घाबरून आधी रिबूटच केलेलं आहे. डिस्क पूर्ण गायब झाली असेल तर या झिपमध्ये तिचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते ती तब्येतीची नोंद, रिकामा येईल. मग मशीन नीट बंद करून, केबल घट्ट बसवून पुन्हा चालू करा आणि दुसरी झिप घ्या. दोन्ही जाणकाराला दाखवा. डिस्कचा निकाल त्यानंतर.

प्रश्न : केबल बदलली, स्मार्ट रिपोर्टही स्वच्छ आहे, तरी फुली जात नाही. (बोरिवली)

उत्तर : ती आपोआप जाणार नाही. मधल्या काळात बाकीच्या डिस्कवर जे लिहिलं गेलं त्याची पॅरिटीवर नोंद नाही, त्यामुळे पॅरिटी पुन्हा पहिल्यापासून बांधावी लागते. ॲरे, म्हणजे सगळ्या डिस्कचा एकत्र संच, थांबवा. पॅरिटीच्या जागी ‘नो डिव्हाइस’ निवडा. ॲरे एकदा तसाच चालू करा. ही पायरी लोक गाळतात, पण ती केल्याशिवाय अनरेड जुन्या डिस्कला विसरत नाही. पुन्हा थांबवा, तीच डिस्क पॅरिटीच्या जागी लावा, चालू करा. पॅरिटी सिंक, म्हणजे पॅरिटी नव्याने बांधण्याचं काम, सुरू होईल.

डिस्क निवडताना सीरियल नंबर कागदावर लिहिलेल्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहा. एकाच कंपनीच्या, एकाच आकाराच्या पाच डिस्क असल्या की नावं सारखीच दिसतात. चुकून डेटा डिस्क पॅरिटीच्या जागी लावून ॲरे चालू केलात तर तिच्यावर पॅरिटी लिहिली जाईल आणि डेटा जाईल. खात्री नसेल तर चालू करण्यापूर्वी स्क्रीनचा फोटो काढून कोणाला तरी दाखवा.

प्रश्न : पॅरिटी डिस्क आधी फॉरमॅट करावी लागते का? (दादर)

उत्तर : नाही. तिच्यावर फाइल सिस्टीम, म्हणजे फायली ठेवण्याची रचना, नसतेच. आणि अनरेड एखादी डेटा डिस्क ‘अनमाउंटेबल’ (उघडता न येणारी) दाखवून फॉरमॅटचा पर्याय देत असेल, तर त्याला हात न लावता आधी विचारा.

प्रश्न : डेटा डिस्क ८ टीबीची आहे, पॅरिटीला ६ टीबीची चालेल? (चेंबूर)

उत्तर : नाही. पॅरिटी सर्वांत मोठ्या डेटा डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी हवी.

प्रश्न : एका व्हिडिओत दाखवलं, की ‘न्यू कॉन्फिग’ (डिस्कची मांडणी नव्याने ठरवणं) करून ‘पॅरिटी इज ऑलरेडी व्हॅलिड’वर टिक केलं की फुली दोन मिनिटांत जाते. मी करून बघू का? (अंधेरी)

उत्तर : करू नका. तुमची पॅरिटी व्हॅलिड नाही, म्हणून तर फुली आली. ती टिक म्हणजे तुम्ही अनरेडला खोटं सांगता आणि ते विश्वास ठेवतं. पडदा हिरवा होतो. पुढे डेटा डिस्क गेली की याच चुकीच्या पॅरिटीवरून ती बांधली जाते आणि फायली आतून सडक्या निघतात. तशी टिक करण्याचे योग्य उपयोग आहेत, पण ते ज्याला नेमके माहीत आहेत त्यानेच करावेत. असे व्हिडिओ करणाऱ्यांना नंतर कोणाचं काय झालं ते पाहावं लागत नाही.

प्रश्न : स्मार्ट रिपोर्टमध्ये १९९ क्रमांकाचा आकडा ४१२ आहे. केबल बदलूनही शून्य होत नाही. डिस्क परत करू? (गोरेगाव)

उत्तर : १९९ म्हणजे यूडीएमए सीआरसी एरर. डिस्क आणि कंट्रोलर यांच्या मधल्या वाटेवर डेटा बिघडल्याची ती मोजणी आहे आणि ती कधीच शून्यावर येत नाही. आजचा आकडा लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा बघा. थांबला असेल तर दोष केबलचा होता. वाढत असेल तर केबल, पोर्ट आणि कंट्रोलर कार्ड एकेक करून बदला.

डिस्कसाठी काळजीचे आकडे निराळे : ५, १८७, १९७ आणि १९८. त्यातही १९७ शून्याच्या वर असेल, म्हणजे वाचता न येणारे सेक्टर वाट बघत पडले असतील, तर लांबलचक स्मार्ट चाचणी लावा आणि रिपोर्ट जाणकाराकडे पाठवा. चाचणीपुरतं डिस्क झोपवण्याचं सेटिंग बंद ठेवा, नाहीतर चाचणी अर्ध्यात तुटते.

प्रश्न : सर्व्हर माळ्यावर ठेवला आहे. सहा डिस्क आहेत. एसएमपीएसला (संगणकाच्या पॉवर सप्लायला) साटाचे प्लग कमी पडले म्हणून एकातून चार काढणारा स्प्लिटर लावला. दर दोन-तीन महिन्यांनी कुठली ना कुठली डिस्क फुलीवर जाते. (भांडुप)

उत्तर : ‘कुठली ना कुठली’ या शब्दांतच उत्तर आहे. डिस्क बदलत राहतात, स्प्लिटर तोच आहे.

साटा पॉवरच्या प्लगमध्ये १२ व्होल्टसाठी तीन पिन असतात, प्रत्येकी दीड अँपिअरचे, म्हणजे एकूण साडेचार. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करताना साधारण दोन अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम जाग्या झाल्या की आठ अँपिअर. पॅरिटी सिंकच्या सुरुवातीला नेमकं हेच होतं : सगळ्या डिस्क एकाच वेळी फिरू लागतात, व्होल्टेज बसतं, एखादी डिस्क क्षणभर गळते आणि तिच्यावरचं लिहिणं फसतं. नंतर तपासली की डिस्क निरोगी.

एसएमपीएसच्या वेगवेगळ्या वायरींवर डिस्क वाटून घ्या. स्प्लिटर लागलाच तर मोलेक्सकडून (चार पिनांच्या जुन्या पॉवर प्लगकडून) दोन डिस्कपर्यंतच घ्या, आणि तोही दाबून बसवलेल्या टोकांचा. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त प्लगात आतल्या तारा एकमेकींना चिकटून आग लागल्याची उदाहरणं आहेत. रात्री घर झोपलेलं असताना माळ्यावर चालणाऱ्या मशीनला ही जोखीम नको. वायरिंग एखाद्या माहितगार माणसाकडून तपासून घ्या, आणि सर्व्हर माळ्यावरून खाली आणा. छताखालची कोंडलेली गरम, दमट हवा डिस्कलाही वाईट आणि पिनांनाही.

प्रश्न : गणपतीपासून पॅरिटी डिसेबल्ड आहे. पण चारही डेटा डिस्कवरच्या फायली उघडतात, मुलं सिनेमे बघतात, फोनमधले फोटोही चढतात. दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलं तर चालेल ना? (विक्रोळी)

उत्तर : नाही चालणार. हे जरा सविस्तर सांगतो, कारण पत्रांतून मला सर्वांत जास्त भीती वाटते ती याच ‘चालतंय ना’ची.

फायली उघडतात यावरून पॅरिटीबद्दल काहीच कळत नाही. अनरेडमध्ये प्रत्येक डेटा डिस्क स्वतंत्र असते. फाइल वाचताना पॅरिटीला कोणी विचारतही नाही. ती नसली तरी सिनेमा तितकाच सुरळीत चालणार.

पॅरिटीचं काम काय, ते बघा. चारही डिस्कवरच्या एकाच जागेचे बिट घ्या. समजा ते १, ०, १, १ आहेत. त्यात एक तीनदा आला, म्हणजे विषम, म्हणून पॅरिटीवर १ लिहून बेरीज सम केली जाते. उद्या तिसरी डिस्क गेली, तर उरलेल्या १, ०, १ आणि पॅरिटीचा १ यांवरून तिथे १च होता हे काढता येतं. डिस्कच्या पहिल्या बिटापासून शेवटच्या बिटापर्यंत हीच बेरीज. आज तुमच्याकडे तो शेवटचा आकडा नाही. एक डेटा डिस्क गेली तर बाकी तिघींवरचं राहील, पण तिच्यावरचं काढून देणारं काही नाही.

आणि ती जाण्याची शक्यता तुम्ही समजता तितकी दूर नाही. चारही डिस्क बहुधा एकाच वेळी घेतलेल्या, एकाच डब्यात, एकाच उष्णतेत तितकेच तास फिरलेल्या. पॅरिटी का गळली ते तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, म्हणजे शोधलेलंच नाही. दोष वायरीचा किंवा कार्डाचा असेल तर तो अजून मशीनमध्येच बसला आहे. पुढचं फसलेलं लिहिणं डेटा डिस्कवरचं असू शकतं आणि या वेळी अनरेडला तिची जागा भरून काढता येणार नाही.

आज संध्याकाळी हे करा. जे पुन्हा मिळणार नाही, म्हणजे मुलांचे लहानपणचे फोटो, आईवडिलांचे व्हिडिओ, घराची कागदपत्रं, ते बाहेरच्या डिस्कवर उतरवा आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. चढवलेले फोटो फोनमधून पुसू नका. मग चारही डेटा डिस्कचे स्मार्ट रिपोर्ट बघा आणि लांब चाचणी लावा. ८ टीबीच्या डिस्कला अर्ध्या दिवसाहून जास्त लागेल, लागू द्या. हे आधी का, तर पॅरिटी सिंक सगळ्या डेटा डिस्कचा प्रत्येक सेक्टर वाचते. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तर ८ टीबीला सुमारे पंधरा तास. कमकुवत डिस्क तिथेच उघडी पडते. एखाद्या डेटा डिस्कवर १९७ शून्याच्या वर असेल तर सिंक लावू नका, आधी तिच्यावरचं उतरवा आणि विचारा.

शेवटी पॅरिटीच्या डिस्कची लांब चाचणी करा. ती पास झाली तर नवी डिस्क घ्यायचीच नाही. मग सेलसाठी थांबायचं कशासाठी? आणि नापास झाली, तर सेलमध्ये वाचणाऱ्या दोन-तीन हजारांपायी तुम्ही घरचे फोटो इतके दिवस उघड्यावर ठेवणार आहात. पॅरिटी परत आल्यावरही बाहेरची प्रत ठेवाच. सर्व्हरवरून फाइल पुसली की पॅरिटीही त्याच क्षणी बदलते, ती पुसलेलं परत देत नाही.

प्रश्न : डेटा रिकव्हरीवाल्याने पॅरिटी डिस्कमधला डेटा काढायचे ३५ हजार सांगितले. द्यावे का? डेटा डिस्क तीन आहेत, तिन्ही चालू आहेत. (मुलुंड)

उत्तर : एक रुपयाही देऊ नका. त्या डिस्कवर तुमची एकही फाइल नाही, तीन डिस्कच्या बेरजा आहेत. तुमच्या फायली चालू डिस्कवरच आहेत आणि पॅरिटी त्यांच्यावरून फुकट पुन्हा बांधता येते. ज्याने हे तुम्हाला सांगितलं नाही त्याच्याकडे दुसरीही डिस्क देऊ नका. डेटा डिस्क एकच असेल तेवढं लक्षात ठेवा : तेव्हा पॅरिटी म्हणजे तिची हुबेहूब नक्कल असते. अशी डिस्क वॉरंटीत परत पाठवण्यापूर्वी पुसून घ्या.

प्रश्न : नवी डिस्क घेताना काय बघू? (कांदिवली)

उत्तर : बिल पक्कं घ्या आणि पैसे देण्यापूर्वी सीरियल नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून भारतातली वॉरंटी दिसते का बघा. ‘आमची वॉरंटी’ म्हणणाऱ्या विक्रेत्याकडून घेऊ नका. २०२५च्या सुरुवातीला युरोपात सीगेटच्या वापरलेल्या एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं. स्मार्टमधले चालू तास शून्यावर आणलेले होते, खरे तास डिस्कच्या आतल्या ‘फार्म’ नावाच्या वेगळ्या नोंदीत सापडले. आणि मॉडेल एसएमआर (एकमेकींवर चढणाऱ्या पट्ट्यांत लिहिणारं, म्हणून सलग लिहिताना मंदावणारं) आहे की सीएमआर (सुट्या पट्ट्यांत लिहिणारं) ते विचारा. वेस्टर्न डिजिटलच्या काही रेड डिस्क एसएमआर असल्याचं २०२० साली ग्राहकांना मागाहून कळलं. पॅरिटीला सीएमआरच घ्या.

प्रश्न : मुंबईत वीज जात नाही. यूपीएस लागतो का? (माहीम)

उत्तर : लागतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकलही थांबल्या. आणि घरातला एमसीबी पडायला एवढं मोठं कारण लागत नाही. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडा आणि सेटिंगमध्ये आपोआप बंद होण्याची वेळ टाका. केबल न जोडता ठेवलेला यूपीएस फक्त काही मिनिटं लांबवतो.

प्रश्न : तुम्ही प्रत्येक वेळी जाणकाराला विचारा म्हणता. त्याला नेमकं काय पाठवायचं? (परळ)

उत्तर : रिबूटपूर्वीची डायग्नॉस्टिक्सची झिप. सगळ्या डिस्क दिसतील असा मुख्य पानाचा फोटो. मशीन उघडून वायरींचा फोटो, एसएमपीएसवरचं लेबल वाचता येईल असा. कंट्रोलर कार्डाचं नाव. आणि फुली आल्यापासून तुम्ही काय काय केलं, त्याच क्रमाने, काही न लपवता. चुकून काही दाबलं असेल तर ते सर्वांत आधी लिहा, कारण पुढची पायरी त्यावरच ठरते. उत्तर येईपर्यंत नवं काही लिहू नका, ॲरे थांबवून ठेवा.