माटोळीचे हूक, चिऱ्याची भिंत आणि बॅटरीवरचा हॅमर

म्हणजे तुझं असं झालंय: नवीन १८ व्होल्टचा कॉर्डलेस रोटरी हॅमर (ठोके देत भोक पाडणारं, बॅटरीवरचं ड्रिल मशीन) घेतला, चवथीआधी (गणेश चतुर्थीआधी) हॉलच्या स्लॅबला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या छताचे, हूक मारायचेत, बाल्कांवच्या (पुढच्या ओसरीच्या) चिऱ्याच्या, म्हणजे जांभा दगडाच्या, भिंतीत एक ब्रॅकेट बसवायचाय, आणि स्लॅबच्या पहिल्याच भोकात बिट (भोक पाडायची सळी) अडकून मनगट पिरगाळलं नि बॅटरी चटका बसेल इतकी तापली. मशीन परत करायची घाई नको करू. बहुतेक तू दाबतोयस.

साधं इम्पॅक्ट ड्रिल वापरायची सवय असली की हे होतंच. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, म्हणून मागून अंगाचा भार टाकावा लागतो. रोटरी हॅमरचं तसं नसतं, त्यात पिस्टन हवा दाबतो, ती हवा आतल्या ठोकळ्याला पुढे फेकते आणि तो बिटच्या बुडावर आपटतो. ठोका हवेचा, तुझ्या खांद्याचा नाही. बिट जागेवरून हलणार नाही एवढाच दाब द्यायचा. जास्त दाबलंस तर भोक लवकर पडत नाही, मोटर जड चालते, बॅटरीतून करंट जास्त ओढला जातो आणि मग ती तापते. बिटचं टोक बोथट असेल तरी हेच, त्यामुळे टोकाचा कार्बाइडचा (कठीण धातूचा) तुकडा गोल झालाय का, तुटलाय का ते आधी बघ.

बॅटरी २ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) असेल तर तिच्यावर मुळातच ताण जास्त. १८ व्होल्टच्या पॅकमध्ये पाच सेल एकामागोमाग जोडलेले असतात, ४ एएचच्या पॅकमध्ये बहुतेक वेळा दहा, दोन-दोन जोडीने, म्हणजे प्रत्येक सेलवर अर्धाच भार, म्हणून हॅमरला मोठी बॅटरीच बरी. तापलेली बॅटरी लगेच चार्जरवर नको लावू, सावलीत निवू दे. दुपारी बंद गाडीत तर अजिबात ठेवू नको. फुगलेली किंवा जोरात आपटलेली बॅटरी असेल तर ती वापरायचीच नाही, ई-कचऱ्यात द्यायची, घरच्या कचऱ्यात नाही.

आता स्लॅब. इथे जरा थांबून वाच, कारण वर बघून ड्रिल मारणं हे सगळ्यात धोक्याचं काम आणि माटोळीचं वजन काय असतं ते तुला सांगायला नको, नारळ, चिबूड, केळ्यांचा घड, सुपारीचे घोस, सगळं गणपतीच्या आणि माणसांच्या डोक्यावर. छताला प्लास्टिकचा रावलप्लग (स्क्रू धरायला भोकात घालतात ती नळी) नको. आवळला की भोकात फुगतो तो लोखंडी हूक फास्टनर घे आणि त्याच्या पाकिटावर लिहिलेल्या मापाचंच भोक पाड, ‘एक नंबर मोठं चालतं’ असं दुकानदार म्हणाला तरी. भोक हवं तेवढंच खोल जावं म्हणून डेप्थ रॉड (मशीनला लावायची मापाची दांडी) लाव, तो नसेल तर बिटला टेप गुंडाळ.

भोक पाडायच्या आधी मेन स्विच बंद कर. बॅटरीवरच्या मशीनचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे आणि लोक तोच घेत नाहीत, घरातली लाइट बंद ठेवून काम होतं ना, मग दिवसाउजेडी करून टाक. फॅन पॉइंटपासून भिंतीच्या बोर्डाकडे जाणारे पाइप स्लॅबच्या पोटातून कसेही गेलेले असतात, त्या पट्ट्यात हूक नकोच. आणि सळई. स्लॅबच्या खालच्या बाजूने साधारण २०-२५ मिमी आतच सळई लागते, म्हणजे तुझा बिट जिथे अडकला तिथे बहुतेक तीच होती. ती लागली की कळतं, आवाज एकदम टणटणीत होतो, पांढरट भुकटी पडायची थांबते, मशीन जागच्या जागी नाचायला लागतं. तिथे हट्ट नाही करायचा, भोक सोडून थोडं बाजूला सरकायचं. हॅमर बिट सळई कापायला नसतोच, आणि कापलीस तर स्लॅबच कमजोर करतोयस.

बिट अडकतो तेव्हा बिटऐवजी मशीनच फिरतं, आणि त्याच्यामागे तुझं मनगट. आत क्लच (जास्त जोर आला की बिटचं फिरणं सोडणारा भाग) असतो, तो टकटक करत सुटतो, तो आवाज आला की लगेच बटण सोडायचं, क्लचला झुंजवत नाही बसायचं. साइड हँडल काढून ठेवलेलं असेल तर आधी लाव, दोन्ही हातांनी धर. प्लास्टिकच्या खुर्चीवर चढून तर मुळीच नको, घरात घोडा (दुपाखी शिडी) नसेल तर शेजाऱ्याकडून आण आणि त्यावर दोन्ही पाय नीट टेकव. अडकलेला बिट काढताना बॅटरी बाहेर काढ, मशीन बिटवरून सोडव आणि पान्याने बिट हळूहळू उलटा फिरव.

गॉगल, मास्क, कानाला मफ, तिन्ही लागतात. काँक्रीटच्या भुकटीत सिलिका असते, ती फुफ्फुसात बसली की निघत नाही, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, एन९५ घाल. रबरी चेंडू अर्धा कापून बिटवर ओवला की वरची भुकटी त्यात पडते, तुझ्या डोळ्यांत नाही नि मशीनच्या चकमध्येही (बिट धरणाऱ्या तोंडात) नाही. लोंबता शर्ट, सैल हातमोजे नकोत.

चिऱ्याला वेगळा हिशोब. जांभा मऊ आणि भोकांभोकांचा, त्यात हॅमर मोड लावलास तर दहाचं भोक चौदाचं होतं आणि कडा ढासळतात. नॉब फक्त ड्रिलच्या खुणेवर आण (मशीन पूर्ण थांबल्यावरच, चालू असताना नॉब फिरवला की गिअर जातात), बिट एक मिमी कमी घे आणि हळू मार. चिरा ओला असेल तर लाल चिखल बिटच्या खाचांत बसतो, मधे मधे बाहेर काढून पुसत जा. जुन्या घरात सांध्यात मातीच असते, तिथे काहीच धरत नाही, चिऱ्याच्या मधोमध जागा बघ. वजनदार ब्रॅकेट असेल तर लांब नायलॉनचा प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात चिकट रसायन भरून बसवायचा बोल्ट) लाव, फुगणारा फास्टनर चिऱ्यालाच फोडतो.

देखभाल म्हणशील तर काम फार नाही, पण आपल्याकडच्या हवेत टाळलंस तर मशीन गंजतं. बिट चकमध्ये घालायच्या आधी त्याचं बूड फडक्याने कोरडं पुसायचं, त्या खाचांत मागच्या भोकाची भुकटी असते, ती ग्रीसमध्ये मिसळली की सँडपेपरसारखी घासत बसते. मग बोटाच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस घेऊन बुडाला फिरवायचं, बस. काम झालं की बिट काढून ठेवायचा, आत ठेवून पावसाळा काढला तर तो चकमध्येच धरून बसतो. हवा यायच्या फटींतली धूळ कोरड्या ब्रशने काढ, पाणी नको. पावसाळ्यात वापरणार नसशील तर बॅटरी मशीनमधून काढून साधारण अर्ध्या चार्जवर कोरड्या कपाटात ठेव, आणि तिच्या टोकांना खिळे-स्क्रू लागणार नाहीत असं बघ. वीज कडाडायला लागली की चार्जर सॉकेटमधून काढायचा, हे तुला ठाऊक असेलच. चकच्या गळ्यापासून ग्रीस वाहायला लागलं किंवा मशीन फिरतंय पण ठोका येत नाही असं झालं तर सर्व्हिस सेंटरला दे, बहुतेक आतली ओ रिंग किंवा सील (रबरी कडी) गेलेली असते, घरी उघडू नको.

बिटच्या टोकाचा आणि फॅन पॉइंटच्या आजूबाजूच्या छताचा फोटो दाखव, मग हूक कुठे मारायचे ते सांगतो.